आधी सर्च करा

मी चाळीस वर्षं पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये मोटरी बांधल्या. जळलेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, हे काम. यात बडबड चालत नाही. वेढे मोजताना मध्येच कोणी "काय भिया, चहा?" म्हटलं की गेलं सगळं पाण्यात, पुन्हा एकपासून मोजा. त्यामुळे फाफटपसारा लावून बोलणारा माणूस मला कधी सोसलाच नाही. बायको म्हणायची, "तुम्ही घरात बोलता की बोर्डावर सूचना लावता?"

आता भंवरकुआंच्या या घरात मी एकटाच आहे. आई गेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि चार वर्षांपूर्वी बायकोही गेली. मुलगी रविवारी फोन करते, तब्येत विचारते, मी "ठीक आहे" म्हणतो. बाजूला कोचिंगवाल्या मुलांचं हॉस्टेल आहे, दिवसभर गलका असतो, पण तो त्यांचा. दूधवाला, भाजीवाला, सगळ्यांशी हिंदीच. मराठी उरली ती मोबाइलमधल्या एका फोरमवर.

फोरम घरच्या दुरुस्त्यांचा. पंप, गीझर, मिक्सर, पंखा, जे बिघडलं ते लिहायचं आणि ज्याला येतं त्याने सांगायचं. सगळी आमच्यासारखी महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं, कोणी ग्वाल्हेरचं, कोणी बडोद्याचं, कोणी हैदराबादचं. मी अकरा वर्षांपासून तिथे आहे. बायको गेल्यावर दुपारचं जेवण झालं की तिथेच बसायला लागलो, आणि इतका बसलो की चालवणाऱ्यांनी मला मॉडरेटर करून टाकलं. मतलब, कोणाची पोस्ट उडवायची आणि कोणाची सगळ्यांच्या वर पिन करून ठेवायची, ते माझ्या हातात.

हातात अधिकार आला आणि माझं डोकं तापायला लागलं. तोच प्रश्न सोमवारी, तोच गुरुवारी. वर सर्चचा बॉक्स होता, पण त्याच्याकडे बघतो कोण? आणि बघितलं तरी लोक त्यात अर्ज लिहायचे. 'नमस्कार, माझ्या घरची मोटर कालपासून बंद आहे, कृपया लवकर मदत करा.' अरे बाबा, तो सर्चचा बॉक्स आहे, कलेक्टर नाही! एवढे सगळे शब्द एकाच पोस्टमध्ये असतील तरच तो ती दाखवणार. कुठून असणार? मग निकाल शून्य, आणि माणूस म्हणतो इथे काही मिळत नाही, आणि तोच प्रश्न नव्याने टाकतो.

तेव्हा मी एक पोस्ट लिहिली आणि वर पिन केली. मथळा, 'आधी सर्च करा'. आजही ती मला चांगली वाटते, खोटं कशाला बोलू. नमस्कार, कृपया, माझ्या, कालपासून, हे सगळं फालतू आहे, काढून टाका. लक्षण तेवढं ठेवा, दोन शब्द, फार तर तीन. बॉक्स आपणहून फक्त मथळे चाळतो, तेव्हा खालच्या चौकटीत टिक करा म्हणजे आतला मजकूरही चाळेल. शब्द ओळीने तसेच हवे असतील तर अवतरणचिन्हात टाका. गीझरची उत्तरं मध्ये येत असतील तर गीझरच्या आधी वजाची खूण मारा. एखादा चांगलं सांगणारा आठवत असेल तर त्याचं नाव टाकून फक्त त्याच्याच पोस्टी काढा. आणि एवढं करूनही नाही मिळालं तर विचारा, पण तीन गोष्टी सांगून. पंप किती जुना, पाइप किती लांब, घरात माणसं किती. म्हणजे पाणी किती लागतं ते कळतं. बाकी पुराण नको.

लोकांनी वाहवा केली. एक गृहस्थ मात्र सुधारायला तयार नव्हते. बडोद्याचे होते, मी त्यांना मनातल्या मनात बडोदेवाले म्हणायचो. दर महिन्याला त्यांचा प्रश्न हजर, आणि तोही ठरलेला. पंप चालतो, पण पाणी वर चढत नाही. आता यात काय आहे? पाइपाच्या तळाशी एक झडप असते, ती गळाली की पाइपातलं पाणी उतरून जातं आणि पंप नुसताच फिरतो. वरून पाणी ओता, झडप साफ करा, संपला विषय. मी दर वेळी हेच लिहायचो. ते भरभरून आभार मानायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आणि प्रश्न केवढा, पानभर! आज वारा कसा सुटलाय, शेजारच्यांनी पपई दिली, ती कशी निघाली, आणि मग कुठेतरी शेवटी पंप. मी पपई ओलांडून सरळ पंपावर यायचो.

गेल्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं आणि माझं टाळकं सटकलं. लिहिलं, 'साहेब, हा प्रश्न कितव्यांदा विचारताय? उत्तर तिथेच पडलंय. आधी सर्च करा. इथे दुसऱ्यांना कामं आहेत.' कामं! दुपारी अडीच वाजता मला काय काम होतं? भेंडी चिरायची होती, तीही पाव किलो. त्यांचं उत्तर आलं, पहिल्यांदाच एका ओळीचं. 'बरोबर आहे तुमचं. यापुढे त्रास देणार नाही.' मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

त्यानंतर ते आले नाहीत. हळूहळू बाकीचेही विचारेनासे झाले, पण ते रुसून नव्हे. माझी पोस्ट वाचून त्यांना शोधता यायला लागलं होतं. यायचे, दोन शब्द टाकायचे, उत्तर घ्यायचे आणि जायचे. जुन्या उत्तरांखाली बघणाऱ्यांचा आकडा चढत होता, बोलत कोणी नव्हतं. मी जेवून हात पुसत फोन उघडायचो, तर सगळ्यात वर माझीच पोस्ट, आणि खाली सगळं कालचंच. एकेक दिवस असा गेला की सकाळी दूधवाल्याला "आधा लीटर" म्हटल्यानंतर तोंडातून शब्द निघाला नाही. सांगायला लाज कशाची, मला दुपारची भीती वाटायला लागली.

मग एक उद्योग काढला. जुनी चांगली उत्तरं हुडकून एका जागी लावावीत म्हटलं. सुरुवात पाणी न चढण्यापासून. माझ्याच नियमाने दोन शब्द टाकले, 'पाणी चढत', मजकुराच्या चौकटीत टिक केली. एरवी मी नवं आधी लावतो, त्या दिवशी सगळ्यात जुनं आधी लावलं. पहिली पोस्ट उघडली. प्रश्न विचारणारा मीच होतो.

अकरा वर्षांपूर्वीचा मी. 'जयभीम मंडळी. मी मोटर बांधणारा माणूस, पण पाइपातलं मला ओ की ठो कळत नाही, विचारायला लाज वाटते. पंप चालतो, पाणी चढत नाही. आई सकाळपासून बादल्या मोजतेय, मुलगी कॉलेजला आंघोळीशिवाय गेली आणि बायको माझ्याकडे बघून हसतेय, म्हणे मोटरवाल्याच्या घरी दुष्काळ.' पुराण! चांगलं आठ-दहा ओळींचं. मी ते पुन्हा वाचलं आणि बायकोचं ते हसणं कानात आलं, मी साफ विसरलो होतो. खाली एकाचं उत्तर होतं, कागदावर हाताने काढलेल्या झडपेच्या चित्रासकट. 'लाज कसली साहेब, विचारलंत म्हणून ओळख झाली. आधी सांगा, पंप किती जुना, पाइप किती लांब, घरात माणसं किती?' मी लिहिलं होतं, चार. त्यावर ते, 'वा, भरलेलं घर आहे.' उत्तर देणाऱ्याचं नाव बघितलं. बडोदेवाले.

तेव्हा उत्तर वाचलं, झडप साफ केली, पाणी आलं, नाव कोण बघत बसतो? ते तीन प्रश्नसुद्धा त्यांचेच, मी आपले म्हणून वर पिन करून मिरवत होतो. म्हणजे झडपेचं त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं. मलाच त्यांनी शिकवलं होतं. मग महिन्या-महिन्याला मला का विचारत होते?

त्यांचं नाव टाकून सगळ्या पोस्टी काढल्या आणि पहिल्यांदाच पपईसकट वाचल्या. आधीची वर्षं ते स्वतःच सगळ्यांना उत्तरं देत होते. प्रश्न विचारायला लागले ते तीन वर्षांपूर्वी. अशा पहिल्याच प्रश्नात, वारा आणि पपईच्या मध्ये, एक ओळ होती. 'आमची मंडळी दिवाळीआधी वारली. मुलगा ये म्हणतो, पण तिकडे माझ्या ओळखीचं कोण?' आणि तिच्याखाली माझं उत्तर, 'झडप साफ करा.' आणखी एका ठिकाणी मी त्यांना माणसं किती विचारलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'आता एकच. टंकी पाच-पाच दिवस उतरत नाही. तरी पंप रोज लावतो, घरात तेवढाच आवाज.' त्यावर मी शहाणा म्हणतो, 'एका माणसाला अर्ध्या हॉर्सपॉवरचा पुरे. रोज लावू नका, वीज फुकट जाते.' तेव्हा माझी स्वतःची बायको जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेली. दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. स्वतःच्याच कानाखाली काढावीशी वाटली.

त्यांना पर्सनल मेसेज लिहायला बसलो. चार वेळा खोडला, माफी मागायची सवय नाही. शेवटी एवढंच गेलं, 'जयभीम साहेब. चूक माझी. पंप कसा आहे?' मेसेज वाचला गेला की खाली खूण येते. ती आली नाही. आठवडा गेला, महिना गेला. त्यांच्या नावासमोर शेवटी येऊन गेल्याची तारीख तीच, मी झापलं त्या दिवसाची. माझ्याकडे त्यांचा नंबर नाही. बडोद्यात कुठे राहतात, मुलगा कुठे असतो, काही माहीत नाही. अकरा वर्षांत मी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी आपणहून लिहिलं असेल तर ते मी ओलांडून गेलो असेन म्हणून पुन्हा सगळं चाळलं. पत्ता कुठेच नव्हता.

मग काल दुपारी त्यांचाच प्रश्न माझ्या नावाने टाकला. 'पंप चालतो, पाणी चढत नाही. काय करावं?' वाटलं, असतील कुठेतरी, लॉगिन न करता नुसतेच येऊन वाचून जात असतील, हा प्रश्न दिसला तर त्यांना राहवणार नाही. पोस्ट टाकली, पंप लावला आणि फोन घेऊन बसलो. टंकी तशी भरलेलीच होती.

थोड्या वेळाने हॉस्टेलच्या गॅलरीतून ओरडा, "अंकलजी, टंकी बह रही है!" पाणी चढत नाही म्हणून विचारणाऱ्याच्या भिंतीवरून ही धार! धावत जाऊन पंप बंद केला. परत येतो तर पोस्टखाली एक उत्तर आलेलं. ओल्या हातानेच फोन उघडला.

बडोदेवाले नव्हते. कोणी नवीनच, महिन्याभरापूर्वी आलेला. 'काका, आधी सर्च करा. वर पिन केलेली पोस्ट वाचा, त्यात सगळं आहे.'

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं. शब्द माझेच होते, पण वाचताना कसे लागतात ते मला माहीत नव्हतं. लिहिणार होतो की शहाण्या, ती पोस्ट कोणाची आहे ते बघ आधी. बोटं तिथवर गेलीही. पण नाही लिहिलं. लिहिलं, 'वाचली आहे भिया. सर्च केलं, उत्तरही सापडलं. तरी विचारतोय. वेळ असेल तर बोल.'

मी चहा टाकला, प्यायलो, कप विसळून पालथा घातला. बडोदेवाल्यांच्या नावावर जाऊन आलो, तारीख तीच. मग नवीन माणसाचं उत्तर दिसलं.

'सॉरी काका. बोला ना. पंप किती जुना, पाइप किती लांब, घरात माणसं किती?'

पंप चौदा वर्षांचा, पाइप चाळीस फूट, एवढं झटक्यात लिहून टाकलं. तिसऱ्यापाशी बोट अडलं. मग लिहिलं, 'एकच. तरी पंप रोज लावतो.'