भाऊजींनी वस्तरा खाली ठेवला

लग्न होऊन मी या घरात आले, त्या वर्षीचं भांडण आहे. आमचं घर म्हणजे पुढे दाढी-कटिंगचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये फळ्यांची भिंत. इकडे मी कांदा चिरला की तिकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तिकडे कुणी कुजबुजलं की इकडे मला कळायचं. चोरून ऐकायची गरजच नव्हती.

त्या दिवशी माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, एका गिऱ्हाइकाशी निवडणुकीवरून हमरीतुमरीवर आले. तेव्हा भाऊजींना नुकतं मिसरूड फुटलेलं. एकीकडे तावातावानं बोलत होते आणि दुसरीकडे त्याचीच दाढी करत होते. गळ्याजवळ कापलं. फार नाही, पण रक्त आलं. गिऱ्हाईक गेल्यावर सासरे कडाडले.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे?"

"तो धडधडीत खोटं बोलत होता, बाबा!"

"बोलू दे. ज्याच्या गळ्यावर तुझा वस्तरा आहे, तो तुला उलट बोलेल का? ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी घालतात तो वाद नव्हे, ती गुंडगिरी. वाद घालायचाय ना? मग आधी वस्तरा खाली ठेव."

"मग गिऱ्हाईक उठून जाईल की!"

"म्हणून तर गप्प राहायचं."

भाऊजी गप्प राहिले ते सासरे गेल्यावरही राहिले. खुर्चीत बसून लोक काय काय बोलायचे! कोणता पुढारी विकला गेला, देश कुणी बुडवला, सून कशी आळशी. भाऊजींचं एकच उत्तर, "हूं." गल्लीत त्यांचं नावच हूं पडलं. ती सगळी उत्तरं माणूस पोटात साठवून ठेवायचा आणि संध्याकाळी जेवताना आमच्यावर ओतायचा. आमचे हे होते तोवर दोघं भाऊ ताटावर देश चालवायचे. मग हे गेले, जाऊबाई तर आधीच गेलेल्या. देश चालवायला राहिलो भाऊजी आणि मी.

पुढे हातात मोबाइल आला आणि गल्लीचा एक ग्रुप निघाला. तिथे कुणाचाच गळा हाताशी नाही, म्हणजे वाद घालायला हरकत नाही! भाऊजी दुकान बंद केलं की ओट्याजवळ स्टूल ओढून बसायचे आणि एका बोटानं टाइप करायचे. पाठवण्याआधी मला वाचून दाखवायचे. माझी शाळा तिसरीत सुटली, पण कुठला शब्द लागतो आणि कुठला नुसताच खुपतो, एवढं मला कळतं.

"वहिनी, 'हे सरकार निर्लज्ज आणि गाढव आहे.' पाठवू?"

"निर्लज्ज राहू द्या. गाढव काढा. गाढव बिचारं काम करतं."

घरपट्टी वाढली तेव्हा त्यांनी लिहिलं की गल्लीतला दिवा लागत नाही, गटार तुंबलेलं आहे, रस्ता खणून ठेवलाय, मग वाढीव पट्टी कशाची, आम्ही अंधारात पडतो त्याची? त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. हूं एवढं बोलतो हे कुणाला माहीतच नव्हतं. लोक दुकानात येऊन पाठ थोपटायला लागले. भाऊजींची मान जरा ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

आणि मग टीव्हीवर कुणी मोठा पुढारी बोलला की देशावर बाहेरच्यांचा भार झालाय. झालं! दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हार्डवेअरच्या दुकानवाल्यानं लिहिलं, घरपट्टी यांच्यामुळेच वाढली. पाणी हे वापरतात, कचरा हे करतात, भरतो आपण. हा ग्रुपचा मुख्य. त्याचं वाक्य पडलं की बाकीचे माना डोलवायला मोकळे.

'हे' म्हणजे कोण? अख्ख्या गल्लीत बाहेरची एकच, आमच्या वरच्या खोलीत राहणारी. दुसऱ्या देशातली, रंगानं आमच्यापेक्षा पुष्कळ काळी, दवाखान्यात म्हाताऱ्या रुग्णांना उठवायचं-बसवायचं काम करणारी. आपली भाषा मोडकीतोडकी बोलते, पण मला 'वहिनी' अशी स्पष्ट हाक मारते. कचऱ्याची पिशवी घेऊन चाललेल्या तिचा कुणीतरी पाठमोरा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गल्लीत दिवा नाही तेच बरं, नाहीतर ही दिसली असती.' त्यावर हसरी तोंडं किती! मी मोजायला गेले नाही, मला शिसारी आली.

मला सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? मला बघायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलगी काळीसावळी आहे, पण चालेल." चालेल म्हणे! मी काय भाड्याची सायकल होते? तो शब्द मी अजून गिळलेला नाही, आणि तो तर घरातल्या माणसाचा होता. इथे जे तिच्या ओळखीचेही नाहीत, ते तिच्या कातडीवर बोट ठेवून दात काढत होते.

भाऊजींनी लिहिलं, 'ती मला भाडं देते, त्या भाड्यातून मी घरपट्टी भरतो. म्हणजे कोण भरतं? आणि ती या ग्रुपवर नाही, तिला उत्तर देता येत नाही. हा तिच्या गळ्यावर वस्तरा धरण्याचा प्रकार आहे.' मी एकही शब्द काढायला लावला नाही.

अंगठा एकही आला नाही. हार्डवेअरवाल्याचं फर्मान आलं, 'ज्याला बाहेरचे प्यारे, त्यानं दाढ्याही त्यांच्याच कराव्यात.' आणि खुर्ची रिकामी राहायला लागली. पाठ थोपटणारे समोरच्या फुटपाथवरून जायला लागले. भाऊजी सकाळी शटर उघडायचे, आरसा पुसायचे, कात्र्या पुसायचे, पुन्हा आरसा पुसायचे. भिंतीपलीकडून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

एका संध्याकाळी त्यांनी मोबाइलला हात लावला नाही. ताटातला भात चिवडत म्हणाले, "वहिनी, ती महिना-दोन महिने दुसरीकडे राहिली तर? हे वारं निवेपर्यंत."

"विचारा की तिला."

"तुम्ही विचाराल का?"

"मी का? खोली तुमची, भीती तुमची. वर जा आणि तिच्या तोंडावर विचारा."

उठले. जिन्याच्या तीन-चार पायऱ्या चढल्याचं ऐकू आलं. मग उतरल्याचं ऐकू आलं. परत येऊन ताटावर बसले आणि म्हणाले, "भात गार झाला." बस, एवढंच. पण दुकान असं किती दिवस चालणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

त्याच आठवड्यात सकाळी शटर अर्धंच वर होतं, आणि वाकून आत कोण आलं? हार्डवेअरवाला! त्याच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ आहे. तिला धक्का न लावता दाढी करणं भाऊजींखेरीज कुणाला जमत नाही. दुसरीकडे जाऊन दोनदा रक्त काढून आला होता. बहिष्कार घालायचा तो लोकांनी, याच्या गालानं नाही!

"शटर राहू दे तसंच," तो म्हणाला. "लोक बघतात."

भाऊजी म्हणाले, "हूं." फेस लावला. उजवा गाल झाला. तेवढ्यात हा खुर्चीत रेलून बोलायला लागला.

"मनावर घेऊ नकोस रे. ग्रुपवर लिहावं लागतं. पण तिला घालव. तुला अवघड वाटत असेल तर मी बघतो. ती दवाखान्यात गेली की चार पोरं पाठवतो, सामान खाली आणून ठेवतील. तुझ्यावर आळ नाही."

माझा हात कांद्यावर थांबला. पलीकडे टक् असा आवाज झाला. भाऊजींनी वस्तरा काचेवर ठेवला होता.

"अरे, कर ना पुढे!"

"आमच्या बाबांची शिकवण आहे, वाद घालायचा असेल तर वस्तरा खाली ठेवायचा. ठेवला. आता बोलू."

"अर्धी दाढी राहिलीय माझी!"

"माझं तर सगळं आयुष्य राहिलंय बोलायचं. बसा." आणि त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो बाई, जरा खाली या! तुमच्याबद्दल बोलणं चाललंय, तुम्हीही असा."

ती आली. रात्रपाळी करून नुकतीच परतलेली, आंघोळीनं केस ओले. मीही फळ्यांच्या भिंतीला वळसा घालून पुढे गेले, हातात सुरी तशीच. एका गालावर फेस घेऊन बसलेल्या त्या माणसाला भाऊजी म्हणाले, "सांगा आता तिला. पोरं कधी पाठवताय?"

जो माणूस बोटानं गल्ली पेटवायचा तो त्याच बोटांनी टॉवेलची टोकं कुस्करत बसला. भाऊजींनीच तिला सगळं सांगितलं, हळू, सोप्या शब्दांत. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही.

"मी घरी असताना या," ती त्याला म्हणाली. "मी नसताना नको. माझ्या कपबश्या फुटतील. आणि मला पण ऐकायचं आहे, मी का जायचं."

"तसं काही... मी आपलं..." तो उठला. टॉवेलानं अर्धं तोंड झाकून शटरखालून बाहेर पडला.

मागून मी शटर पुरतं वर केलं. घाण आवाज होतो त्याचा, सगळी गल्ली वळून बघते. बघितलंच.

पोरं आली नाहीत. पण कुणी चुकलो म्हणाल्याचंही मी ऐकलं नाही. भाऊजींना ग्रुपमधून काढून टाकलं. तो फोटो अजून तिथेच असेल, हसरी तोंडंही असतील. गिऱ्हाइकं एकेक करून परतली, सगळी नाही. परतलेली खुर्चीत बसून हवापाण्यावर बोलायची, जणू काही घडलंच नाही. याचाच मला जास्त संताप येतो. आग लावणाऱ्याचं एक वेळ समजू शकतं, पण शेकोटीला हात शेकून घरी जाणाऱ्यांचं काय करायचं? भाऊजी मला शांत करायचे. "वहिनी, सुरी ठेवा आधी, मग बोला."

ती वरच राहिली. आजही आहे.

भाऊजी मात्र राहिले नाहीत. एका पहाटे झोपेतच गेले. त्याच्या आदल्या दिवशी ते घरपट्टी भरायला गेले होते. आमच्याकडे भाडेकरू ठेवला की पट्टी वाढते, म्हणून अर्ध्या गल्लीनं आपले भाडेकरू कागदावर भाचे-पुतणे करून टाकलेत. हार्डवेअरवाल्याला तर इतके भाचे आहेत की त्याच्या बहिणींना पत्ताच नसेल. भाऊजी रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनानं दरवर्षीसारखं विचारलं, "वरच्या खोलीत नातेवाईकच ना?"

"भाडेकरू," भाऊजी म्हणाले. "लिहा."

"पट्टी जास्त बसेल हो."

"ती तर बसतेच. लिहा आणि तुमच्या साहेबांना सांगा, आमच्या गल्लीतला दिवा लावा."

मागचे लोक हसले. भाऊजींनी पैसे भरले, पावती शर्टाच्या खिशात घातली, वाटेत ब्लेडचं पाकीट घेतलं. दुकानाच्या पायरीवर एक जण वाट बघत बसला होता. भाऊजींनी शटर उचललं, टॉवेल झटकला आणि म्हणाले, "या, बसा."