फिनेलचे पाणी आणि एकशे चाळीस अंडी

वसुबारसेच्या सकाळी नऊ वाजता खडवलीला काकांच्या गोबरगॅसची टाकी पूर्ण खाली बसली, म्हणजे गॅस संपला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. उबवणीच्या पेटीत एकशे चाळीस अंडी होती आणि पिल्ले बाहेर पडायला चार दिवस उरले होते.

अंडी काकूंची नव्हती. गावातल्या अकरा घरांनी ती दसऱ्याला आणून दिली होती. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्या त्या घराची खूण होती: फुली, टिंब, दोन रेघा. पाच पिल्लांमागे एक काकूंचे, असे ठरले होते. बायका तयार झाल्या त्याला कारण होते. खुडूक कोंबडी तीन आठवडे अंड्यांवर बसते आणि तेवढे दिवस अंडी देत नाही. पेटीमुळे ते दिवस वाचणार होते. ही पहिलीच खेप होती. ती वाया गेली असती तर पुन्हा कोणी अंडे दिले नसते.

पेटी प्लायवूडची होती, आत चार बल्ब. गावची वीज रोज चार-पाच तास जायची. तेवढा वेळ काका गॅसवरच्या इंजिनाने वीज करायचे. त्यात थोडे डिझेल लागे, बाकी काम आठ म्हशींचे आणि एका गाईचे शेण करी. स्वयंपाकही त्याच गॅसवर होई, त्यामुळे काकूंनी मोळीसाठी रानात जाणे सोडले होते. टाकीतून निघणारी मळी वांग्यांना जाई.

वसुबारसेच्या आधी तीन दिवस गावची डीपी जळली. सगळ्या गावात फक्त या घरात दिवा होता. इंजिन तासभर चालवायचे, मग तासभर पेटी गोधडीत गुंडाळायची, असे चालले होते. मी डोंबिवलीहून दिवाळीला गेलो होतो. पेटीतला थर्मामीटर बघायचे काम माझ्याकडे होते.

काकांनी नळी तपासली, तीत साचलेले पाणी काढले. मग शेण कालवायच्या कुंडीवर वाकून वास घेतला.

“फिनेल कोणी टाकलं?”

“मी. परवा गोठा धुतला,” काकू म्हणाल्या. “वसुबारसेला गाय घाणीत उभी करू का?”

“पाणी कुठे गेलं?”

“जातं तिथेच.”

गोठ्याची मोरी थेट कुंडीत उतरत होती. गोमूत्र वाया जाऊ नये म्हणून ती काकांनीच तशी बांधली होती.

“अगं, शेणात जंतू असतात, त्यांच्यामुळे गॅस होतो. तू सगळे मारलेस.”

“अहो, तुम्ही जंतू पाळलेत हे मला कोणी सांगितलं?”

डिझेल दुपारपर्यंत पुरले. निव्वळ डिझेलवर इंजिनने इतका धूर सोडला की पडवीची भिंत काळी झाली. मी डबा घेऊन कल्याणला गेलो. पंपावर पाटी होती: डिझेल नाही. परतलो तेव्हा थर्मामीटर अडतीसवरून पस्तिसावर आला होता.

“संध्याकाळपर्यंत कोणाला बोलू नकोस,” काका काकूंना म्हणाले.

काकूंनी पदर खोचला आणि त्या अकराही घरी स्वतः जाऊन सांगून आल्या. बायका पडवीत जमल्या. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर पेटीत डोकावली.

“थकली का गं तुझी मशीन? आमची खुडूक नाय थकत.”

“म्हणूनच आले तुमच्याकडे. किती आहेत खुडूक?”

गावात सात निघाल्या. एकीच्या पंखाखाली बारा अंडी मावतात. चौऱ्याऐंशींची सोय झाली, छप्पन्न उरली. कोणाची उरवायची, यावर पडवीत आवाज चढले. ज्या चार घरी खुडूक नव्हती त्यांची अंडी आधी, असे काकूंनी ठरवले.

“माझी कोंबडी आणि दुसरीची अंडी?” म्हातारी म्हणाली.

“कोंबडी विचारते का, कोणाची म्हणून?”

कोणीतरी हसले. म्हातारी हसली नाही, पण टोपली तिने पुढे केली.

छप्पन्न अंडी पेटीतच राहिली. गरम पाण्याच्या बाटल्या दर तासाला बदलायच्या होत्या आणि गॅस नव्हता. काकूंनी कोयता घेतला आणि त्या सरपणाला रानात गेल्या. चार दिवस चूल विझली नाही. काका आणि काकू त्या दिवसांत बाटल्यांखेरीज काही बोलले नाहीत.

पाडव्याला सकाळी कोंबड्यांखाली एकाहत्तर पिल्ले निघाली, पेटीत एकोणीस. काकूंनी आपला वाटा घेतला नाही.

काकांनी मोरी दुसरीकडे वळवली. आंबिवलीच्या एका गोठ्यातून चालू टाकीची मळी आणून आपल्या टाकीत ओतली. टाकी मार्गशीर्षात वर आली. पौषात काकूंनी पेटी पुन्हा लावली. त्या खेपेला अंड्यांवर सात घरांच्या खुणा होत्या. त्यांत म्हातारीची फुली होती.