चंद्रकांत सरांचं टेकाड

चंद्रकांत सरांना महानंदाने जी अद्दल घडवली, तिचं मला जराही वाईट वाटत नाही. वाटणारही नाही.

महानंदा निपाणीची. यशवंतपूरला भाड्याच्या खोलीत राहायची आणि आमच्या संस्थेत माझ्या शेजारी बसून संगणकावर अणुगर्भांच्या टकरी घडवायची. दोन जड अणुगर्भ प्रचंड वेगाने एकमेकांवर आपटले की कणांचा सडा पडतो. त्यात केऑन किती आणि पायऑन किती, हे गुणोत्तर दर टकरीला थोडं हलतं. ते किती हलतं, यावरून आत पदार्थ वितळला होता का, याचा अंदाज येतो. हे मोजण्याचा सगळा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला. त्यापायी सणावारी घरी गेली नाही. पुढची नोकरी त्यावरच्या एका पेपरावर, म्हणजे शोधनिबंधावर अवलंबून होती.

सर तिचे वरिष्ठ. "परमुलखात आपल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावं," असं जे. पी. नगरच्या घरी गणपतीत म्हणायचे आणि मोदक वळायला हिलाच बसवायचे. त्याच माणसाने पेपर परस्पर छापायला पाठवला, फक्त स्वतःच्या नावावर! तिचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. ती विचारायला गेली, तर म्हणाले, "अगं, तू नुसते संगणकावर रन चालवलेस."

माझं डोकंच फिरलं. मी तावातावाने संचालकांकडे निघाले, तर तिने माझा हात धरला.

"स्वल्प थांब अक्का. माझा कुठला फोल्डर उचललाय त्यांनी, बघ तरी."

मी पाहिलं आणि खुर्चीत बसले. टकरींच्या प्रोग्रॅमला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला सीड म्हणतात. सीड बदलला की नव्या टकरी घडतात. तोच ठेवला की त्याच टकरी पुन्हा घडतात. चूक शोधताना आम्ही तो मुद्दाम तोच ठेवतो. सरांनी घाईत नेमका तिचा चाचणीचा फोल्डर ढापला होता. मूठभर टकरी, पुन्हा पुन्हा मोजलेल्या. सपाट राहायला हवा तो गुणोत्तराचा आलेख त्यामुळे एका जागी टेकाडासारखा उठला होता आणि त्रुटी नगण्य दिसत होती. सरांना वाटलं, शोधच लागला.

"सांगणार त्यांना?"

"सांगणार की. चारचौघांत."

वार्षिक परिषदेत देशभरातून लोक आले होते. सरांनी छाती फुगवून टेकाड दाखवलं, टाळ्या घेतल्या. महानंदाने हात वर केला.

"सर, वेगवेगळ्या रनमधली पहिली टक्कर शेजारी शेजारी दाखवाल?"

सरांनी हसत हसत फाइली उघडल्या. सगळ्यांत तीच टक्कर, तेच कण. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. बुडताना हाताला लागेल ते धरावं, तसं त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"हे काम महानंदाचं आहे! सगळं हिनेच केलंय!"

खरं सांगते, मला आत उकळ्या फुटत होत्या. महानंदाचा मात्र आवाजही चढला नाही.

"मग पेपरचं पहिलं पान दाखवा, सर. सगळ्यांना कळू दे, कुणाचं काम आहे ते."

सरांना पान उघडावंच लागलं. पडद्यावर हातभर अक्षरांत त्यांचं एकट्याचं नाव होतं.