मिठाचं जोडपं

कॉलेजात पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्या मॅडमना मुलं ‘जोडपंवाल्या मॅडम’ म्हणत. तोंडावर नाही, मागे. पण मॅडमना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. चांगल्या शिक्षकाला मागून नाव पडतंच. शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘झोपेची गोळी’ म्हणत. त्या मानाने जोडपं शंभर पटीने बरं.

हे जोडपं म्हणजे मीठ. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, वर्ग आवरेना म्हणून मॅडमनी फळ्यावर दोन गोल काढले होते. एकाला मिशा, दुसऱ्याला लांब केस. “हा सोडियम. याच्या खिशात एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, ठेवू कुठे कळत नाही. आणि ही क्लोरीन. हिला नेमका एकच कमी. त्याने दिला, तिने घेतला, झालं लग्न!” मग दोघांचे हात एकमेकांत गुंतवून त्या म्हणाल्या होत्या, “आणि संसार असा घट्ट, की पाण्यात ढकललं तरी हात सोडायचे नाहीत.”

वर्ग असा हसला की बाहेरून जाणारे प्राचार्य थबकले. त्या दिवसापासून मॅडमना वर्गाची भीती वाटली नाही. पुढे दर वर्षी जोडपं येत राहिलं. मिशा कधी झुपकेदार झाल्या, कधी तलवारकट. घरीही चेष्टा चालायची. टपाल खात्यात नोकरी करणारा नवरा पगाराच्या दिवशी पाकीट पुढे करून म्हणायचा, “घे बाई, सोडियम आला.” आणि लेक लहान असताना मीठ सांडलं की ओरडायची, “आई, लग्नाची वरात सांडली!”

तीच लेक मोठी होऊन रसायनशास्त्रच शिकली. आणि संशोधनाला विषय घेतला तो असा : कॉलेजातल्या मुलांना रसायनशास्त्र नेमकं कळतं कुठे आणि अडतं कुठे, आणि शिकवण्यात काय बदललं तर जास्त कळेल. मॅडमचा नवरा लेकीला म्हणाला, “म्हणजे तू रसायन शिकवणार नाहीस, रसायन शिकवणाऱ्यांच्या चुका काढणार. आईच्या वळणावर गेलीस!”

लेक वर्गावर्गांतून एक कोरा कागद वाटायची. सोबत प्रश्न एवढाच : मिठाच्या पाण्याचा एक थेंब इतका मोठा करून बघता आला, की आतला अगदी बारीकातला बारीक कण दिसेल, तर काय दिसेल ते काढा. मार्क नाहीत, नाव नाही. आईचा वर्गही तिने घेतला आणि शेजारच्या झोपेच्या गोळीचाही. मॅडमनी आनंदाने तास दिला. “माझी पोरं हुशार आहेत हो,” असं स्टाफरूममध्ये चार जणांना ऐकवूनही झालं.

त्यानंतर लेकीचं काहीतरी बिनसलं. ताटातलं ताटातच राही. आईने विचारलं तर “काही नाही गं.” फोन आला की गॅलरीत. आईच्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते ज्यांना वयात आलेली लेक आहे त्यांनाच कळेल. आजारी आहे का? कोणी आहे का? असलं तर फसवलं का? तिच्या कपाळाला हात लावून झाला, कपाटाशी उगाच घुटमळून झालं. शेवटी एका रविवारी दुपारी कपडे वाळत घालताना मॅडमनी चिमटा हातात तसाच धरून विचारलं, “कोण आहे तो? सांगून टाक. मी रागावणार नाही.”

लेक आधी हसली. मग तिचे डोळे भरून आले.

“आई, तो सोडियम आहे.”

“थट्टा करू नकोस.”

“थट्टा नाही गं. तुझ्या वर्गाचे कागद... तू बघच.”

जेवणाच्या टेबलावर तिने कागद पसरले. जवळजवळ प्रत्येक कागदावर पाणी होतं आणि पाण्यात जोडपी होती. मिशावाले आणि लांब केसवाल्या, हातात हात. एकाने त्यांना पोहायच्या टोप्या घातल्या होत्या. एकीने मागून येणारं लहान बाळही काढलं होतं. मॅडमच्या तोंडावर हसू आलं, आणि पुरतं यायच्या आतच ते थिजलं.

कारण पाण्यात मिठाचं असं होत नाही, हे मॅडमना का ठाऊक नव्हतं? मीठ पाण्यात पडलं की सोडियम वेगळा, क्लोरीन वेगळी. दोघांभोवती पाण्याचा वेढा, कोणाचा हात कोणाच्या हातात नाही. म्हणून तर मिठाच्या पाण्यातून वीज जाते. हे त्या दर वर्षी पुढच्याच तासाला शिकवत आल्या होत्या. मुलं लिहून घेत, परीक्षेत लिहीत, मार्कही मिळवत. आणि डोळ्यांसमोर मात्र जोडपं घेऊन घरी जात.

“हात सोडायचे नाहीत हे मी विनोदाने म्हणते गं,” मॅडम म्हणाल्या. “पाण्यात सुटतात हे मी सांगते की!”

“सांगतेस. पण मी काही जणांशी बोलले ना. म्हणतात, वीज सोडली की झटका बसतो आणि मग हात सुटतो. तू नंतर शिकवलेलं सगळं त्यांनी त्या जोडप्यातच बसवलंय.”

“आणि शेजारचा वर्ग?”

लेक कागदांच्या कडा जुळवायला लागली.

“बोल की.”

“त्यांचं बरं आलंय. बरंच बरं.” ती घाईघाईने म्हणाली, “तास त्यांना आठवतच नाही गं. त्यामुळे कागद बघून निदान स्वतः विचार तरी करतात.”

आतून नवऱ्याचा आवाज आला, “म्हणजे झोपेची गोळी गुणकारी निघाली!” त्याला कुणी हसलं नाही, तेव्हा तो बाहेर आला, टेबलाकडे बघितलं आणि गुपचूप चहा ठेवायला गेला.

“हा वर्ग तू गाळून टाक,” असं मॅडम म्हणणार होत्या. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. लेक तेच तर इतके दिवस एकटी उरावर घेऊन फिरत होती. “नाव नसतं आई कुणाचं,” ती म्हणाली. “पण मिशा बघितल्या की अख्ख्या गावाला कळेल.”

मॅडम म्हणाल्या, “तू तुझं लिही. दुसरे कागद घ्यायला सत्राच्या शेवटी येणारच आहेस ना? तोवर मी यांच्या डोक्यातून हे काढते. मी घातलंय, मीच काढीन.”

म्हणाल्या खऱ्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सरळ सांगितलं, “ते जोडपं चुकीचं आहे. विसरा.” मुलं खो-खो हसली. त्यांना वाटलं, मॅडमचा नवा विनोद. मॅडमनी फळ्यावर सुटे कण काढले, पाण्याने वेढलेले, मिशा नाहीत, केस नाहीत. वर्गाचे डोळे मेले. पहिल्या बाकावरचा एक जण कळवळून म्हणाला, “मॅडम, असं कोरडं नका ना शिकवू. माझ्या ताईला तुम्ही जोडप्यावर शिकवलं होतं. मी तर कॉलेजला यायच्या आधीपासून ते ऐकतोय.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. म्हणजे आपण तोंडाला कुलूप लावलं तरी उपयोग नाही. पोरं जोडपं घरूनच घेऊन येणार.

त्याच आठवड्यात त्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांचा जुना विद्यार्थी. गल्ल्यामागून धावत पुढे आला. “मॅडम! बाकी सगळं विसरलो, पण तुमचं जोडपं नाही विसरलो.” स्टुलावर त्याची चिमुरडी मुलगी पाय हलवत बसली होती. “सांग गं मॅडमना, मीठ म्हणजे कोण?”

“नवरा-बायको!” मुलगी म्हणाली. “पाण्यात ढकललं तरी हात सोडत नाहीत.”

“बघा!” दुकानदाराची छाती फुगली होती. मॅडमनी मुलीच्या गालाला हात लावला, गोळ्या घेतल्या आणि घरी आल्यावर पाहिलं तर उरलेले पैसे तिथेच राहिले होते.

मग त्यांनी ठरवलं, काट्याने काटा काढायचा. विनोदाने बसलेलं विनोदानेच उठेल. लेकीने हात जोडले, “आई, नको. काही सांगू नकोस. नुसतं विचार, आणि थांब. त्यांना काढू दे, भांडू दे.” पण थांबणं मॅडमच्या अंगातच नव्हतं. प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प बसला, की त्यांना धाप लागल्यासारखं व्हायचं. पोरं बावरली आहेत, आपण आईसारखं पुढे होऊन सावरलं पाहिजे, असं वाटून उत्तर तोंडातून निघूनच जायचं. त्या वर्गात गेल्या, फळ्यावर जोडपं काढलं, आणि डस्टरने दोघांचे हात पुसून म्हणाल्या, “पाण्यात पडले की घटस्फोट!”

वर्गाने बाकं बडवली. मॅडमना किती दिवसांनी मोकळा श्वास आला.

सत्राच्या शेवटी लेक पुन्हा कागद घेऊन आली. या वेळी प्रश्न दोन होते, मिठाचं पाणी आणि साखरेचं पाणी. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या.

“सुटले का?”

“मिठाचे सुटले,” लेक म्हणाली. तिने चपला काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. “सगळ्यांचे सुटले. पण आई... साखरेचेही सुटलेत.”

साखरेचा कण पाण्यात अख्खाच राहतो. कण एकमेकांपासून लांब जातात एवढंच, एकही कण स्वतः फुटत नाही. आणि कागदांवर तो कुणी अर्धा केला होता, कुणी चार तुकडे, आणि तुकड्यांनी एकमेकांकडे पाठी फिरवल्या होत्या. पाण्यात पडलं की घटस्फोट. मॅडमनी जे शिकवलं तेच पोरांनी इमानाने काढलं होतं.

नवरा म्हणाला, “अगं, इतकी वर्षं कुणाचं काय वाईट झालं?” मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

शेवटच्या तासाला त्या दोन पेले, बॅटरी, दोन वायरी आणि एक बारका बल्ब घेऊन वर्गात गेल्या. लेक मागच्या बाकावर बसली होती. मॅडमनी ओठ दाबून धरले. मिठाच्या पाण्यात वायरी बुडवल्या, बल्ब लागला. साखरेच्या पाण्यात बुडवल्या, नाही लागला.

“का?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

“मॅडम, बल्ब गेला.”

त्यांनी वायरी धुऊन पुन्हा मिठाच्या पाण्यात घातल्या. लागला.

“मग साखर कमी पडली.”

त्यांनी चमचाभर साखर आणखी घातली. ढवळली. बल्ब तसाच.

“घटस्फोटाची केस अजून कोर्टात असेल!” कोणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग फुटला. मागे लेकीने मान खाली घातली. मॅडमना हसू आलं नाही, रडूही आलं नाही. आपलंच बोलणं कोणी दुसऱ्याच्या आवाजात आपल्या अंगावर टाकावं, तसं झालं.

खिडकीपाशी एक मुलगी मात्र हसत नव्हती. ती बल्बकडे बघत होती, मग पेल्याकडे. तिने वही ओढली आणि काहीतरी काढायला लागली. मॅडम पाऊल न वाजवता दोन बाकं पुढे सरकल्या. वहीत एक अख्खा गोल होता. मग दुसरा अख्खा गोल, त्याच्यापासून लांब. पेन्सिल तिसऱ्यापाशी अडली. मॅडमच्या घशाशी ‘बरोबर, बरोबर’ आलं होतं. वायर त्यांनी मुठीत इतकी आवळली की तळव्यात रुतली. मागून लेक डोळ्यांनी विनवत होती : थांब.

त्या थांबल्या.

मुलीने मान वर केली. मॅडमचा चेहरा बघितला. काय दिसलं तिला कोण जाणे; हसू नाही, होकार नाही, ओठ घट्ट मिटलेले. तिला वाटलं असेल, चुकलंच आपलं. तिने खोडरबर घेतला, दोन्ही गोल पुसले, कागदावरची भुकटी फुंकून टाकली. मग वही मिटली, आणि बाकी सगळ्यांसारखी हाताची घडी घालून, मॅडम आता काय सांगतात ते ऐकायला बसली.