नानांची जीभ

हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झाले तेव्हा माझ्याकडे एक घड्याळ, एक शाल आणि पोतंभर किस्से होते. घड्याळ बंद पडलं, शाल बहिणीने पळवली. किस्से मात्र वाढतच चाललेत!

त्यातले निम्मे एकट्या नानांचे. नव्वद सालच्या आसपास शिरपूरकडचे हे कापूसवाले नाना जळगावला आमच्या वॉर्डात आले. तंबाखूने जिभेवर गाठ आलेली. डॉक्टर म्हणाले, "केमोबरोबर इंटरफेरॉन नावाचं नवं इंजेक्शन देऊन पाहू. तीन फेऱ्यांत गाठ आटली नाही, तर जीभ कापावी लागेल."

नानांच्या बायकोने, अक्कांनी, हात जोडले. "काहीबी करा डॉक्टर, पन जीभ राहू द्या!"



* * *

दोन-दोन औषधं कशाला, हा नानांचा पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "केमो गाठीला मारतं. इंटरफेरॉन शरीरातल्या पेशींना निरोप देतं, की चोर घुसलाय, उठा!"

नानांनी मान डोलावली. "समजनं. फवारनीबी करनी, अन् झोपेल राखनदारलेबी उठाडनं!"

त्या दिवसापासून डॉक्टरही सगळ्या पेशंटना असंच समजावू लागले.

* * *

हे इंजेक्शन मुंबईहून बर्फाच्या थर्मासमधून यायचं. आणायला आमचे कंपाउंडर सुरेशभाऊ. एकदा गाडीत समोर वरणगावचे एक गृहस्थ बसलेले. थर्मास बघून म्हणाले, "घोटभर चहा मिळेल का?"

"चहा नाही हो, कॅन्सरचं इंजेक्शन आहे!"

"नसेल द्यायचा तर नका देऊ. पण इतकी अभद्र थाप?"

जळगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत बसले.

* * *

डॉक्टर रोज सकाळी टॉर्च घेऊन यायचे. "नाना, जीभ बाहेर काढा."

अक्का मला म्हणाल्या, "तीस वरीस व्हयनात, जीभ आवरा सांगी सांगी मी थकनू. अन् ह्या डॉक्टर सांगतस, बाहेर काढा!"

* * *

इंटरफेरॉन टोचलं की बऱ्याच जणांना थंडी वाजून ताप यायचा. मीच सांगत फिरायचे, "घाबरू नका, औषध कामाला लागलंय." तिथेच चुकलं माझं! शेजारच्या तिन्ही खाटांवर ताप, नाना मात्र थंडगार.

दुसऱ्या फेरीत नानांचं थर्मामीटर हातात घेतलं आणि मी उडालेच. एकशे आठ! नाना मजेत बसलेले, बाजूला अर्धा कप चहा, आणि थर्मामीटरला चिकटलेली चहापत्ती!

मी रागावले, तसे नाना खाली बघायला लागले. "बठ्ठासले ताप येस, माले येत नही. मन्हं औषध लागू पडत नही का, सिस्टर?"

हसावं की रडावं कळेना. "ताप न येणाऱ्यांनाही गुण येतो हो नाना," म्हटलं, आणि चहा काढून घेतला.

* * *

तिसऱ्या फेरीनंतर गाठ आटली. जीभ वाचली, पण तोंडाची चव पार गेली. काहीही खा, माती! नाना घरी गेले, दर महिन्याला तपासणीला येऊ लागले.

एकदा अक्का एकट्याच आत आल्या. चेहरा लालबुंद, हातात डबा. डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"अक्का... नाना कुठे आहेत?"

"बाहेर बसेल शे!" अक्कांनी डबा टेबलावर आपटला. "भरीत शे. खाई दखा. मीठ कमी शे का?"

डॉक्टरांनी बोटाने चाखलं. "नाही. बरोबर आहे."

"नाना सांगस, कमी शे! बठ्ठा पाव्हनासमोर सांगना! डॉक्टर, तवयच कापी टाकाले पाहिजे व्हती ती जीभ!"