आपली पक्कड

पनवेलमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि सुकापूरचे एक काका माझ्या डोक्याला ताप आहेत. दुकानात यायचे, पक्कड उलटीपालटी करायचे, तिच्यावरचं परक्या देशाचं नाव वाचायचे आणि भर गर्दीत म्हणायचे, "शेठ, ही आपली नाय." कंपनी तीच जुनी, फक्त माल बाहेरून यायला लागला होता. "आपली आली की सांगा," म्हणून हे निघायचे आणि यांचं ऐकून दुसरं गिऱ्हाईकही हातातली पक्कड खाली ठेवायचं.

यंदा कंपनीने परत इथेच पकडी बनवायला घेतल्या. काकांच्या भरवशावर मी अख्खं खोकं मागवलं. काका आले. पक्कड कानाशी नेऊन उघडझाप केली, तिचे दात उजेडात धरून पाहिले आणि पहिल्यांदाच हसले. "ही आपली!"

"बांधू?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून त्याच कंपनीची, काळी पडलेली जुनी पक्कड काढून दाखवली. "मला कशाला? माजी हाय ना. बापानं घेतलेली, अजून काय झाला नाय तिला."

कंपनी मुळात इथून का उठून गेली होती, ते मला तेव्हा कळलं.