पेजेतले ढग

भाताची पेज उकळल्याचा वास आला की मला आमचं बदलापूरजवळचं अंगण आणि तिथे बसलेला फ्रेंच शिल्पकार आठवतो. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. तो अंबरनाथच्या देवळातलं कोरीव काम बघायला आला होता, आणि आमच्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मी धीर करून, मोडक्या इंग्रजीत, त्याला घरी बोलावलं होतं. समोरचा चंदेरी डोंगर पाहून त्याने जलरंग काढले. कुंचला धुवायच्या पाण्याचा डबा आईला त्याचा पिण्याचा वाटला. गढूळ पाणी तिने ओतून दिलं आणि पाहुण्याला नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून त्यात पेज भरली. मी ओरडेपर्यंत कुंचला बुडाला होता. आता हा रागावून निघून जाणार, या भीतीने मला एकही इंग्रजी शब्द आठवेना. पण कागदावर डोंगरावरचा ढग दाट, दुधाळ होऊन पसरला, तसा तो मोठ्याने हसला आणि डबा पुन्हा आईपुढे धरला. “भूक लागली का रं त्याला?” आईने विचारलं. “नाय आई, ढगांना लागलीय,” मी म्हणालो. जाताना चित्र त्याने आम्हालाच दिलं. शेवटपर्यंत आल्यागेल्याला ते दाखवून आई सांगायची, “डोंगर त्याचा, पण ढग माझे.”